बाकावरचा पाहुणा

जी वस्तू वाजवून बघता येत नाही, तिच्यावर आमच्या थोरल्या साडूंचा विश्वास नाही. नारळ, कलिंगड, माठ हे तुम्हीआम्हीही वाजवून घेतो. साडू विटा वाजवतात, दारं वाजवतात, बंद पडलेलं घड्याळ वाजवतात. एकदा गंगापूर रोडला फ्लॅट बघायला गेले असता त्यांनी स्वयंपाकघराची भिंत चमच्याने इतक्या ठिकाणी वाजवली, की शेवटी पलीकडून कोणीतरी उलट वाजवलं. साडू कान लावून ऐकत राहिले आणि बिल्डरला म्हणाले, "भिंत चांगली आहे. पलीकडे कोण राहतं?" बिल्डर म्हणाला, पलीकडे अजून कोणी राहायला आलेलं नाही. साडूंनी चमचा खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "चला." फ्लॅट घेतला नाही हे सांगायला नकोच. देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा हलक्या थरथरतात, तेव्हासुद्धा हे हातातला घास थांबवून ऐकत, आणि मधेच मान हलवून म्हणत, "हा एक बद्द गेला." त्या तोफेचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि विचारायची सोयही नव्हती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पंचवटीत, मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा. पोहे झाले, चहा झाला, मी कप खाली ठेवला. कोपऱ्यात एक उंच, कृश गृहस्थ बसले होते, त्यांना मी तोवर घरमालक समजत होतो. ते उठले, माझा रिकामा कप उचलून त्यांनी नखाने टिचकी मारली, तो कानाशी धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "चालेल. जरा हलका आहे, पण तडा नाही." आतून होणाऱ्या सासूबाईंचा सुस्कारा ऐकू आला. ते कपाबद्दल बोलत होते, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. बायकोने पुढे एका भांडणात माझा तो गैरसमज दूर केला.

या सवयीचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत अगदी शेवटच्या गल्लीत एक छोटा कारखाना होता. तिथे पांढऱ्याशुभ्र नळ्या, कड्या, चकत्या तयार होत. दिसायला चिनी मातीच्या, पण पोलादाला ओरखडा काढतील आणि लोखंडाचं पाणी होईल तिथेही ढिम्म राहतील अशा. मालक परदेशात शिकून आलेले, एकटे, अबोल. ते या मालाला 'पुढच्या शतकाचा दगड' म्हणत. मागचं शतक अजून आमच्या अंगवळणी पडलं नव्हतं, त्यामुळे आम्ही नुसती मान डोलवायचो. साडू तिथे भट्टीवर होते. नीट भाजलेली चकती टिचकी मारली की देवळातल्या लहान घंटेसारखी वाजते. आत डोळ्यांना न दिसणारा तडा असेल तर बद्द आवाज येतो. वर्षानुवर्षं हेच ऐकल्यावर माणसाचा कान कारखाना सुटल्यावर घरी येताना वेगळा कसा होणार?

ती भट्टी मी दरवर्षी खंडेनवमीला बघत असे. त्या दिवशी यंत्रांची पूजा असे आणि कामगारांच्या घरची सगळी माणसं कारखान्यात जेवायला जात. भट्टी म्हणजे एक लांबोडका बोगदा. एका तोंडाने कच्च्या मालाची जाड, चौकोनी ताटं आत ढकलायची. मागचं ताट पुढच्याला रेटतं, आणि सावकाश, दुसऱ्या तोंडाने पक्का माल बाहेर येतो. ती कधीच विझवत नसत. गार झाली तर आतल्या विटांना तडे जातात आणि मग ती भट्टी राहत नाही, विटांचा ढीग होतो. तिच्या कुशीला एक भोक होतं, काळ्या काचेतून आत डोकावायचं. साडूंनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हणालो, आत काहीच नाही. ते म्हणाले, गच्च भरलेली आहे. आत सगळं एकाच तेजाचं झालं की वस्तू दिसेनाशा होतात म्हणे. कडा नाही, सावली नाही, नुसता उजेड. भरलेली आणि रिकामी भट्टी आतून सारखीच दिसते. मी पुन्हा त्या भोकातून पाहिलं नाही. मुलांना सांगितलं की धुराने डोळे चुरचुरतात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मालकांची तब्येत ढासळली. मूलबाळ नाही, जवळचं कोणी नाही; कारखाना विकायचा असं ठरलं. मालकांनी साडूंना घरी बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "कोणीही घेऊ दे. ही विझता कामा नये." साडूंनी शब्द दिला. भट्टीवरचा माणूस विकत घेणाऱ्याच्या वतीने कसा शब्द देतो, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्यात एकच प्रश्न उरला, कोण घेईल? दर रविवारी ते आमच्याकडे चहाला येत आणि बैठक सुरू होई. पुण्याचा एखादा मोठा समूह घेईल का? त्यांना पाट्या बदलायची फार घाई असते. गुजरातेतला फरशीवाला? तो भट्टी ठेवील, पण तिच्यात संडासाच्या फरश्या भाजील. तोफखान्यासाठी सरकारच घेईल का? मग आपल्याला आत सोडणार नाहीत. मी शाळेत भूगोल शिकवत असल्याने परदेशी गिऱ्हाइकं माझ्या खात्यावर होती. जपानी लोकांबद्दल मी पाचवीच्या पुस्तकाच्या आधारावर जी मतं दिली, ती साडू गंभीरपणे ऐकून घेत. बायको म्हणे, मुलीच्या स्थळांची सुद्धा एवढी चर्चा आपल्या घरात होणार नाही. झालीही नाही.

पण खरी परीक्षा कारखान्यात चाले. साडूंनी कारखान्याच्याच मातीचे काही कप भट्टीतल्या मोकळ्या जागेत भाजून घेतले होते, कागदासारखे पातळ, दुधासारखे पांढरे. बघायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहा त्याच कपातून जाई, आणि गाडी फाटकाबाहेर पडली की साडू तो कप उष्टाच उचलून वाजवत. मुंबईहून एक इतका रुबाबदार गृहस्थ आला की कामगारांनी पेढे सांगून ठेवले. साडू कप वाजवून म्हणाले, "हा आतून संपलाय." तो पुन्हा आला नाही, पुढे कळलं की त्याच्या स्वतःच्याच कारखान्यांना तेव्हा टाळं लागायची वेळ आली होती. एक गोरा साहेब आला, भट्टीची तोंडभरून स्तुती करून गेला. कप बद्द वाजला. नंतर त्याच्या दुभाष्याकडूनच बाहेर आलं की त्याला फक्त मातीचं मिश्रण हवं होतं. भट्टी तो मोडणार होता. गंमत अशी, की तेच कप ताईंनी, म्हणजे साडूंच्या पत्नीने, धुऊन फळीवर ठेवले की सगळे सारखे खणखणीत वाजत. मी स्वतः वाजवून बघितलेत.

मला हे थोतांड वाटे, आणि मास्तर माणसाला थोतांड उघडं पाडल्याशिवाय करमत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाबरोबर मीही कारखान्यात चहा घेतला आणि साडू त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा आमच्या दोघांचे कप बदलून ठेवले. साडू परत आले, त्या माणसाच्या जागेवरचा कप त्यांनी उचलला, टिचकी मारली. मग बराच वेळ तो कानाशी धरून माझ्याकडे बघत राहिले. "साडूभाऊ," ते म्हणाले, "हा तुमचा आहे. झोप लागत नाही का हल्ली?" मला खरंच झोप लागत नव्हती. घरी मी कोणाला बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्यासमोर ओंजळीने पाणी प्यायलो.

अशी गिऱ्हाइकं येत राहिली, कप बद्द वाजत राहिले, आणि मालक गेले. त्यानंतर आलेल्या खंडेनवमीला कारखान्यात नेहमीसारखी पूजा झाली, पण बोलणं सगळ्यांचं हळू आवाजात. पगार थकायला लागले होते. पंचवटीतून आमचे नेहमीचे गुरुजी आले होते. भट्टीला हार घातला, हळदीकुंकू वाहिलं. भर दुपार, बाहेर ऊन रणरणतंय, आणि भट्टीसमोरच्या लाकडी बाकावर एक गृहस्थ बसलेले. मध्यम वयाचे, सदरा-पायजमा, पायात धुळीने माखलेल्या वहाणा. कोणीतरी कोणाच्या तरी घरचे असणार. खंडेनवमीला आत आलेल्याला तू कोण हे विचारायची पद्धत नाही. माझ्या बायकोने त्यांना घरच्या माणसासारखा स्टीलच्या पेल्यात चहा दिला; तो पेला ताईंच्या माहेरच्या संचातला, सासूबाईंचं नाव कोरलेला. ते गृहस्थ भट्टीकडे बघत सावकाश चहा प्याले. साडू समोर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हिला झोप कधी?"

साडू म्हणाले, "झोपली की संपलीच."

त्या गृहस्थांनी मान हलवली, जणू त्यांनाही तसंच कोणीतरी सांगितलं होतं. पंगत बसली तेव्हा बाक रिकामं होतं. परत येताना रिक्षात साडू मला म्हणाले, "तुमच्याकडचे ते गृहस्थ जेवायला थांबले नाहीत."

मी म्हणालो, "आमच्याकडचे? मला वाटलं तुमच्याकडचे."

साडूंनी रिक्षातून वळून मागे कारखान्याकडे पाहिलं. ताई मात्र बोलतच होत्या, कारण त्यांच्या संचातला एक पेला कमी भरत होता.

दिवाळीच्या आत कारखाना विकला गेला. कोणी घेतला ते कोणालाच कळलं नाही. एक वकील आले, ते म्हणाले, मी नव्या मालकांना भेटलेलो नाही, मला फक्त निरोप येतात. थकलेले पगार चुकते झाले. ज्यांना जायचं होतं त्यांना हातात चांगली रक्कम देऊन मोकळं केलं. आणि निरोप एकच होता: भट्टीत काही घालू नका, पण ती विझवू नका.

म्हणजे साडूंना जे हवं होतं, तंतोतंत ते मिळालं. माझं आजवरचं आयुष्य बघता, मला हवं ते मला कधी तंतोतंत मिळालेलं नाही, आणि त्या दिवसापासून मी याबद्दल तक्रार करणं बंद केलं. आता कारखान्यात साडू आणि आणखी दोघंतिघं उरले. बोगदा बंद पडू नये म्हणून ताटं ढकलत राहावी लागत. रिकामी ताटं आत जात, रिकामी बाहेर येत. कोणी ती मांडली, कोण जेवलं, काही नाही. पुढच्या खंडेनवमीला गुरुजींनी हा प्रकार पाहिला आणि हातातली पळी तशीच धरून म्हणाले, "अहो, इथे नैवेद्य कोणाला चाललाय ते आधी मला सांगा." साडूंनी पुढचं ताट आत ढकललं. गुरुजींनी दक्षिणा न घेता मोपेड सुरू केली आणि परत कधी आले नाहीत. तेव्हापासून पूजा साडूच करत, आणि मंत्र म्हणून मी मला येणारी आरती म्हणे.

रविवारची बैठक थांबेल असं आम्हाला वाटलं होतं; ती वाढली. कोण घेईल याच्या जागी कोणी घेतला हा प्रश्न आला, एवढंच. साडूंची खात्री होती की तो बाकावरचाच माणूस. आणि त्यांना खंत एकच होती. "बाकीच्या सगळ्यांना कप दिला," ते म्हणत, "त्यालाच नेमका पेला. स्टील सगळ्यांचं सारखंच वाजतं हो. आणि तो पेलाही नाही." चूक कोणाची यावर माझी बायको आणि ताई यांचं जे बोलणं झालं ते इथे देत नाही. आपण त्याला घरचा समजलो, हीच ती चूक.

वर्षं गेली. नवं शतक आलं, त्याचा दगड काही फारसा कुठे दिसला नाही. साडू वाळत चालले. रिकाम्या भट्टीची राखण करणं हे भरलेल्या भट्टीपेक्षा जड असतं असं त्यांच्याकडे बघून वाटे. ते हल्ली वस्तू वाजवायचे, पण काय ऐकू आलं ते सांगत नसत. आमच्याकडे चहा पिताना मधेच थांबत आणि सातपूरच्या दिशेला कान देत. एकदा त्यांनी मला कारखान्यात नेऊन नुकतंच बाहेर आलेलं एक ताट दाखवलं. त्याच्या मधोमध एक गोल खूण होती, पेल्याच्या बुडाएवढी. मी म्हणालो, जुना डाग असेल. ते म्हणाले, "असेल." मी त्या भोकाकडे पाहायचं टाळलं. आत रिकामं होतं की भरलेलं, ते बघून कळणार नव्हतंच.

त्या उन्हाळ्यात ते एका रविवारी आले आणि चहा येण्याआधीच म्हणाले, "जुन्या मालकांनी विझवू नकोस म्हटलं होतं. रिकामी ठेव असं नव्हतं म्हटलं." त्यांना आता गुडघ्यांमुळे उभं राहवत नव्हतं, बरोबरचे दोघंतिघंही पांगायला लागले होते, त्यांच्यामागे तिला बघणारं कोणी नव्हतं. एकदा शेवटची भरून भाजायची आणि मग आपल्या हाताने, सावकाश, गार होऊ द्यायची असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पण परवानगी हवी. आम्ही दोघं वकिलांकडे गेलो. साडूंनी तोंड उघडायच्या आत वकील म्हणाले, "बरं झालं आलात. कालच निरोप आलाय, त्यांना वाटेल तसं करू द्या." साडूंनी विचारलं, कशाबद्दल? वकील म्हणाले, ते मला वाटलं तुम्ही सांगाल.

गोदामात मातीची काही पोती उरली होती. साडूंनी त्या मातीचे कप केले. जेवढी माणसं त्या कारखान्यात कधी खंडेनवमीला जेवली होती, त्या प्रत्येकासाठी एक, गुरुजींसाठीसुद्धा. ताटं भरून आत गेली. शेवटचं ताट बाहेर आलं तेव्हा साडूंनी गॅस हळूहळू कमी करत नेला. कित्येक दिवस लागले. शेवटी शेवटी आम्ही सगळे बाकावर बसून ऐकत होतो. आत विटा तडकत होत्या, एकेक करून, घरात कोणी भांडी आवरावीत तशा. ताई पदराने डोळे पुसत होत्या. साडूंनी एक कप उचलला, त्यात थर्मासमधला चहा ओतला आणि तो बाकाच्या टोकाला ठेवून दिला. मग आम्ही कुलूप लावून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेलं सामान आणायला आम्ही दोघं परत गेलो. फाटकावरचा रखवालदार म्हणाला कोणी आलं नाही, आणि कुलूप आमचं आम्हीच काढलं. भट्टी गार होती. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला हात लावला. बाकाच्या टोकाला कप नव्हता. तिथे एक स्टीलचा पेला होता, स्वच्छ धुतलेला, उपडा घातलेला. मी तो उचलून उजेडात धरला. काठाखाली सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं.

मी पेला साडूंच्या पुढे केला. त्यांनी नख वर केलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि पेला न वाजवताच पिशवीत ठेवला. "कप आवडला असेल," एवढंच म्हणाले.

ताईंचा संच आता पूर्ण भरतो, त्यातला तो एक पेला मात्र त्या कोणाला देत नाहीत. साडू रविवारी अजून येतात. रिक्षातून उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतात. त्या पांढऱ्या कपातून चहा घेतात आणि कप खाली ठेवतात, वाजवत नाहीत. सातपूरच्या दिशेने आता त्यांना काही ऐकू येत नाही, की ऐकू यावं असं काही नाही, कोण जाणे. बोलणंही कमी झालंय. मग कधी कधी मलाच ती शांतता सोसवत नाही आणि मी जुना विषय काढतो, "साडूभाऊ, कोण असेल हो तो?"

ते माझा कप माझ्या हातून हळूच घेतात, टिचकी न मारता नुसता कानाशी धरतात, आणि म्हणतात, "मला अजून वाटतं, तुमच्याकडचाच कोणीतरी."